चिमुकल्या आगगाडीवरील धूळ

दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रातील अंगणांत मुलांचे किल्ले उभे राहतात. दगडविटांचा ढीग, त्यावर भिजवलेले पोते आणि पोत्यावर चिखलाचा लेप एवढ्या सामग्रीवर बुरूज, तट, दरवाजे आणि वाटा तयार होतात. नुकताच लिंपलेला चिखल काळपट आणि गुळगुळीत दिसतो. तो किल्ला वाटत नाही, चिखलच वाटतो. मग एखादे चौकस पोर गेरूची पूड चिमटीत घेते आणि तटाच्या पायथ्याशी, वाटेच्या कडेला, बुरजाच्या खाचेत हलकेच भुरभुरते. क्षणापूर्वी जो चिखल होता, त्याला तांबूस दगडाचे जुनेपण येते. आपण काय साधले, हे त्या पोराला सांगता येणार नाही. परंतु नव्या वस्तूला वयाची कळा आणावयाची तर तिच्यावर रंगाचा लेप नव्हे, मातीची पूड हवी, ही गोष्ट त्याच्या हाताला कळलेली असते.

हीच गोष्ट युरोपात आणि अमेरिकेत काही प्रौढ माणसांनी विसाव्या शतकात मोठ्या अभ्यासाने आणि चिकाटीने सिद्ध केली. आगगाड्या, घरे, पूल, जहाजे, रणगाडे यांच्या लहान प्रतिकृती करणे हा त्यांचा छंद. त्या प्रतिकृतींवर काजळी, गंज, धूळ आणि चिखल यांचे डाग बारीक भुकटीने उमटवणे हा त्या छंदाचा एक स्वतंत्र भाग होऊन बसला. ऊन, वारा, पाऊस आणि वापर यांमुळे वस्तूवर जो परिणाम होतो, त्याला इंग्रजीत ‘वेदरिंग’ म्हणतात. त्या परिणामाचे अनुकरण करण्याच्या या कलेलाही तेच नाव पडले. वरवर पाहता हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. कष्टाने केलेली सुबक वस्तू कोणी मुद्दाम मळवील कशाला? परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे एका लहानशा छंदाचा इतिहास मोठ्या इतिहासाला कोठे जाऊन मिळतो, ते ध्यानात येते.

या छंदाचा आरंभ चकचकाटात झाला. जर्मनीतील मेर्क्लिन या खेळण्यांच्या कारखान्याने 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत ठराविक मापाच्या रुळांवर धावणाऱ्या आगगाड्या मांडल्या. इंग्लंडात नॉर्थॅम्प्टन येथे 1899 साली बॅसेट-लोक ही पेढी निघाली. मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी याने 1920 साली लिव्हरपूल येथून आपल्या आगगाड्या विक्रीस आणल्या. ही इंजिने पत्र्याची असत; त्यांवर तांबडा, हिरवा, निळा असा झळझळीत रंग आणि त्यावर रोगणाची तकाकी. दुकानाच्या काचेआड मांडलेल्या वस्तूने मुलाचा डोळा खेचून घ्यावा, यासाठी ती तकाकी आवश्यकच होती.

ही तकाकी त्या काळी सर्वस्वी खोटी होती, असे मात्र म्हणता येणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील रेल्वे कंपन्या आपली प्रवासी इंजिने आरशासारखी लखलखीत ठेवीत. प्रत्येक इंजिनखान्यात इंजिने पुसण्यासाठी पोरांची फौज असे. पुढे फायरमन आणि नंतर ड्रायव्हर होऊ इच्छिणारा मुलगा प्रथम हाती चिंध्या आणि तेल घेऊन इंजिनाच्या पोटाखाली शिरे. मजुरी स्वस्त होती, कंपन्यांमध्ये चढाओढ होती आणि इंजिनाची झळाळी ही कंपनीची अब्रू समजली जाई. तेव्हा 1908 सालचे एक्सप्रेस इंजिन प्रतिकृतीत स्वच्छ दाखवणे हे सत्याला धरूनच होते. खोटेपणा शिरला तो नंतर. जग बदलले आणि प्रतिकृती मात्र तशीच चकचकीत राहिली.

हे अंतर ज्यांना जाणवले, त्यांत लंडनच्या जॉन अहर्न यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच त्यांनी आपल्या घरात ‘मॅडर व्हॅली’ नावाची एक काल्पनिक छोटी रेल्वे उभारण्यास प्रारंभ केला. तोपर्यंतच्या हौशी माणसांचे लक्ष इंजिनावर आणि रुळांवर असे. आजूबाजूचा प्रदेश म्हणजे हिरवा रंग फासलेली फळी. अहर्न यांनी हा क्रम उलटा केला. त्यांनी आधी एक खोरे कल्पिले. मॅडरपोर्ट नावाचे बंदर, चिंचोळ्या गल्ल्यांची गावे, गिरणी आणि गुत्ता अशी सारी वस्ती तेथे वसवली आणि तीमधून वाट काढीत जाणारी एक गरीब, हळू चालणारी रेल्वे दाखवली. इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांत पाहिलेल्या खऱ्या इमारती त्यांनी या खोऱ्यात आणून बसवल्या आणि त्या जुन्या, पावसाने विटलेल्या, वस्तीने रुळलेल्या अशा रंगवल्या. आपली पद्धत त्यांनी पुस्तकांत लिहून ठेवली. लहान इमारतींच्या रचनेवरील त्यांचे पुस्तक 1947 साली आणि लहान भूदृश्यांवरील पुस्तक 1951 साली प्रसिद्ध झाले. रेल्वे ही जागेची असते आणि जागेला वय असते, ही त्यांच्या कामामागची दृष्टी होती.

अमेरिकेत याच दृष्टीने काम करणारा माणूस होता जॉन अॅलन. त्याचा जन्म 1913 सालचा. पेशाने तो छायाचित्रकार होता आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील माँटेरे या समुद्रकाठच्या गावी स्थायिक झाला होता. तेथे त्याने ‘गोर अँड डॅफिटेड’ या नावाची रेल्वे बांधावयास घेतली. हे नाव उच्चारले की इंग्रजीत ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा अर्थ निघतो. अशा कोट्यांची त्याला आवड होती. त्याच्या घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे राहिले. त्यांच्या कड्यांवरून पूल गेले. खोली मोठी वाटावी म्हणून त्याने आरसे बसवले. पण या सगळ्यापेक्षा पाहणाऱ्याच्या मनावर ठसे ती त्याच्या डब्यांची आणि वाघिणींची कळा. एकही वाघीण नवी दिसत नसे. कोणाचा रंग उन्हाने उडालेला, कोणाच्या सांध्यांतून गंज ओघळलेला, कोणाच्या तळाशी रुळांवरची तांबूस धूळ बसलेली. छायाचित्रकार असल्यामुळे वस्तूवर पडणारा प्रकाश त्याला वाचता येत होता. चकचकीत पृष्ठभागावर खोलीतल्या दिव्याचे प्रतिबिंब पडते आणि वस्तूचा लहानपणा उघडा पडतो, हे त्याने कॅमेऱ्यातून पाहिले होते. त्याची छायाचित्रे अमेरिकेतील मासिकांत प्रसिद्ध झाली आणि देशभरच्या हौशी माणसांना आपल्या टेबलावरची गाडी एकाएकी खेळण्यासारखी दिसू लागली.

छायाचित्रातून अॅलनला जे उमगले, त्यात थोडे गणितही आहे. त्याची रेल्वे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची होती. अशी प्रतिकृती एका फुटावरून पाहणे म्हणजे खरी गाडी सत्त्याऐंशी फुटांवरून पाहणे होय. तेवढ्या अंतरावरून कोणतेही काळे इंजिन निखळ काळे दिसत नाही. मधल्या हवेमुळे आणि अंगावरच्या धुळीमुळे ते करडे दिसते. तांबड्याचा तीव्रपणा मावळतो, पांढऱ्याची धार बोथट होते. खऱ्या इंजिनाच्या डब्यातला रंग आणून तो प्रतिकृतीवर जसाच्या तसा लावला, तरी तो डोळ्यांना खोटा वाटतो, याचे कारण हेच. रंगाची ही धार मारण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे त्यावर कोरड्या भुकटीचा विरळ थर देणे.

ही भुकटी कशाची असते, हे पाहिले म्हणजे या कलेतील खरे नवल समोर येते. पहिल्या पिढीतील माणसे चित्रकाराच्या पेस्टल खडूंच्या कांड्या पटाशीने किंवा काचकागदाने खरवडून पूड करीत. काही जण रंगाच्या दुकानातून सुटी रंगद्रव्ये आणीत. त्यांतली बहुतेक द्रव्ये म्हणजे माती आणि काजळीच होत. पिवडीतील पिवळा रंग लोहाच्या जलयुक्त ऑक्साइडाचा असतो. ती भाजली की पाणी निघून जाते आणि रंग तांबडा होतो. गेरू आणि हिरमुजी यांतला लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडाचाच. हिरमुजीला तिचे नाव इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझ या लाल मातीच्या बेटावरून मिळाले. इटलीतील सिएना शहराच्या नावाने ओळखली जाणारी माती याच कुळातली; अंबर नावाच्या तपकिरी मातीत लोहाबरोबर मँगनीजही असते. काळा रंग काजळीचा, पांढरा खडूचा किंवा चुन्याचा. अजिंठ्याच्या भिंतींवर ज्या जातीच्या मातीने चित्रे रंगली आणि कोकणात व गोव्यात देवळांच्या चुनेगच्ची भिंतींवर ज्या कावेने नक्षी उमटली, त्याच जातीची माती माँटेरेच्या तळघरातील चिमुकल्या वाघिणींवर बसली.

आता खऱ्या आगगाडीवर काय साचते, ते पाहावे. लोखंडावर चढणारा गंज म्हणजे लोहाचे जलयुक्त ऑक्साइड. धुराड्यातून पडणारी काजळी म्हणजे कार्बन. जड पाणी वापरणाऱ्या बॉयलरच्या सांध्यांतून जे पांढरे ओघळ उतरतात, ते प्रामुख्याने चुनखडीचे. ब्रेकचे बिडाचे ठोकळे चाकांवर घासून जी पूड उडते आणि डब्यांच्या तळाशी तपकिरी थर धरते, ती लोहाची. म्हणजे गंजाच्या जागी लावलेली पूड खरोखरीच गंजाच्या कुळातील आहे, काजळीच्या जागी खरी काजळी आहे आणि चुन्याच्या ओघळाच्या जागी खरा चुना आहे. कारागिराने खोटे असे काही आणलेले नाही. त्याने अनुकरण केले आहे ते केवळ काळाचे. जे साचावयास वीस वर्षे लागली असती, ते त्याने एका संध्याकाळी कुंचल्याने बसवले.

मात्र द्रव्य खरे असले तरी आकाराचा प्रश्न उरतोच. वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या जगात सुमारे 4 सेंटिमीटरच्या गोट्यासारखा दिसतो. अंगणातली धूळ उचलून प्रतिकृतीवर टाकली, तर ती धूळ न वाटता दरड कोसळल्यासारखी वाटते. म्हणून भुकटी अत्यंत बारीक, पिठाहूनही मऊ असावी लागते. तिला धरून ठेवण्यासाठी खालचा पृष्ठभाग खरबरीत लागतो. तकतकीत रंगावरून ती घसरून जाते. म्हणून आधी चमकहीन रोगणाचा हात द्यावा लागतो. त्यानंतर मऊ कुंचल्याने पूड लावावयाची, जेथे नको तेथून फुंकून किंवा झटकून टाकावयाची, आणि कोपऱ्यांत, फळ्यांच्या फटींत, रिबिटांच्या भोवती राहील तेवढी राहू द्यावयाची. बोट लागल्यास ती पुसली जाते. यासाठी टर्पेंटाइनचा किंवा स्पिरिटचा एखादा थेंब सोडून तिला जागी बसवतात. ओली असताना ती काळवंडते आणि वाळली की पुन्हा उजळते. या बदलाचा अंदाज अनुभवानेच येतो. वरून रोगणाचा फवारा मारला तर पूड पक्की होते, पण तिचा हलकेपणा पुष्कळसा जातो. टिकाऊपणा आणि खरेपणा यांतून निवड करण्याचा हा प्रसंग प्रत्येक कारागिरावर येतो. अशा बारीक भुकटीचे काम करताना नाकातोंडावर फडके किंवा मुखवटा बांधण्याचा नियम जाणती माणसे कटाक्षाने पाळतात. काळाचे अनुकरण फुप्फुसात साचू देण्याचे कारण नाही.

परंतु कृती कळली म्हणजे कला आली असे होत नाही. पूड कोठे लावावयाची, हे ठरवण्यासाठी ती तेथे का साचते, ते कळावे लागते. पाणी वरून खाली वाहते. म्हणून गंजाचे ओघळ उभे असतात आणि धावत्या गाडीवर ते किंचित मागे कलतात. काजळी छतावर जाड आणि बाजूंना विरळ असते. चढण्याउतरण्याच्या पायऱ्या आणि हाताच्या दांड्या माणसांच्या स्पर्शाने स्वच्छ आणि गुळगुळीत राहतात. कोळशाच्या वाघिणीची आतली बाजू घासून उघडी पडलेली असते. डब्याच्या खिडक्या कोणी पुसल्या असतील, तर हात पोहोचतो तेथपर्यंतच काच स्वच्छ असते. म्हणजे डाग हे नुसते डाग नव्हेत. कोणती शक्ती कोठून आली, कोणाचा हात कोठे पोहोचला आणि कोणाचा पोहोचला नाही, याची ती नोंद होय.

या नोंदीत माणसांच्या इतिहासाचाही हिशेब असतो. 1939 साली युद्ध सुरू होताच ब्रिटनमधील खाजगी मालकीच्या कोळशाच्या वाघिणी सरकारने आपल्या ताब्यात एकत्र घेतल्या. तोपर्यंत त्यांवर मालकांची नावे मोठ्या रंगीत अक्षरांत मिरवत असत. आता त्या नावांना अर्थ उरला नाही आणि रंगासाठी पैसा व माणसे उरली नाहीत. फळी बदलली तर नवी फळी तशीच, बिनरंगाची बसे; केवळ क्रमांकापुरता काळा पट्टा देत. प्रवासी इंजिनांचेही झळाळते रंग जाऊन त्यांवर साधा काळा रंग चढला. युद्ध संपले, 1948 साली रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण इंजिने पुसणारी पोरे परत आली नाहीत. कारखान्यांत अधिक वेतनाची आणि कमी मळाची कामे मिळू लागली होती. पहाटे उठून इंजिनाखाली शिरावयास कोणी तयार होईना. 1968 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरील वाफेची वाहतूक संपली, तोपर्यंत एकेकाळची मानाची इंजिने नामपट्ट्या काढलेली, गंजलेली, चुन्याचे ओघळ अंगावर वागवणारी अशी धावत होती. ज्याला 1908 सालचे इंजिन करावयाचे आहे त्याने भुकटीला हात लावू नये. ज्याला 1967 सालचे करावयाचे आहे त्याने ती सढळ हाताने वापरावी. दोहोंमधील फरक रंगाचा नाही. तो मजुरीच्या दराचा, महायुद्धाचा आणि एका युगाच्या अस्ताचा आहे.

भारतातील ज्या श्रोत्यांनी वाफेची इंजिने पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. येथे ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक 1995 सालापर्यंत चालली. भुसावळसारख्या मोठ्या लोकोशेडच्या परिसरात वाढलेल्या माणसाला इंजिनाचा रंग विचारला, तर तो क्षणभर थांबेल. कारण त्याच्या आठवणीत रंग नसतो, काजळी असते, तेलाचा वास असतो आणि दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर पडलेले कोळशाचे काळे कण असतात. त्या इंजिनाची तकतकीत प्रतिकृती त्याच्या पुढे ठेवली, तर ती मापाने बिनचूक असूनही त्याला ओळखीची वाटणार नाही.

आठवण आणि मोजमाप यांतील हे अंतर बुजवण्याचा सर्वांत निष्ठावंत प्रयत्न इंग्लंडात एका ऑस्ट्रेलियन माणसाने केला. त्याचे नाव योगायोगाने रॉय इंग्लंड. तो 1925 साली तरुणपणी इंग्लंडात आला आणि ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ नावाच्या खोऱ्याच्या प्रेमात पडला. गवताने शाकारलेली घरे, खडूच्या आणि विटांच्या भिंती, परसातल्या भाज्यांचे वाफे हे सारे त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसे होत होते. शाकारलेली छपरे उतरत होती आणि त्यांच्या जागी कारखान्यातून आलेली आच्छादने चढत होती. ही घरे वाचवणे त्याच्या हाती नव्हते. ती जशी होती तशी, मोजून-मापून, लहान आकारात पुन्हा उभी करणे मात्र त्याच्या हाती होते. तेच त्याने आयुष्याचे कार्य मानले. 1954 साली लाँग विटनहॅम या खेड्यात त्याने एक जुनी पथिकगृहाची इमारत घेतली आणि तेथे पेंडन संग्रहालयाचा पाया घातला. कार्डबोर्डाच्या भिंती आणि जलरंग या साध्या सामग्रीतून, मूळ वस्तूच्या शहात्तराव्या हिश्श्याने, एकेक घर तेथे तयार होऊ लागले. एकेका घराला शेकडो तास लागत. भिंतीचा गिलावा कोठे फुगला आहे, वळचणीखाली ओल किती उंचीपर्यंत चढली आहे, धुराड्याच्या कोणत्या बाजूला शेवाळ आहे, हे प्रत्यक्ष घर पाहून आणि छायाचित्रे घेऊन टिपले जाई.

पेंडनच्या कारागिरांचा दंडक हा की, अनुमानाने डाग पाडावयाचा नाही. पुरावा असेल तेथेच पाडावयाचा. 1995 साली रॉय इंग्लंड वारला. त्याने आरंभलेले काम इतरांनी पुढे चालू ठेवले. तेथील 1920 ते 1940 या दोन दशकांमधील खोरे आज प्रत्यक्षात कोठेही नाही. मूळ घरांपैकी काही पडली, काही ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. त्यांचे जुनेपण आता केवळ प्रतिकृतीत शिल्लक आहे. नव्या दिसणाऱ्या प्रतिकृतींनी घरांचे आराखडे जपले असते. या प्रतिकृतींनी त्या घरांत लोक किती काळ आणि कोणत्या परिस्थितीत राहिले, हेही जपले.

पुढे ही दृष्टी घरगुती छंदाच्या बाहेर पडली. 1965 साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘थंडरबर्ड्स’ ही बाहुल्यांची आणि प्रतिकृतींची मालिका सुरू झाली. तीमधील विमाने आणि याने भविष्यकाळातील होती. ती कोणी पाहिलेली नव्हती. तरी दृश्यकार डेरेक मेडिंग्ज आणि त्याचे साथीदार त्यांवर भुकटीचा रंग आणि पेन्सिलीचे शिसे चोळून ती वापरलेली वाटतील अशी करीत. 1977 साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटानेही अवकाशयाने खरचटलेली आणि मळकट दाखवली. तोपर्यंत पडद्यावरचे भविष्य बहुधा स्वच्छ आणि चकचकीत असे. जे कधी अस्तित्वात नव्हते तेही मळलेले दिसले की प्रेक्षकाचा त्यावर विश्वास बसतो. मळ हा पूर्वायुष्याचा पुरावा म्हणून डोळा किती सहज स्वीकारतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

पण ज्या साधनाने विश्वास उत्पन्न होतो, त्याच साधनाने फसवताही येते. 1970 नंतरच्या काळात युद्धसामग्रीच्या प्रतिकृतींचा छंद जगभर पसरला. अमेरिकेतील शेपर्ड पेन याने आपल्या देखाव्यांतून आणि पुस्तकांतून रणगाड्यांवरचा चिखल आणि धूळ कशी दाखवावी, ते शिकवले. बेल्जियमच्या फ्रान्स्वा वेर्लिंडेनने कोरड्या कुंचल्याची आणि पेस्टलच्या पुडीची पद्धत लोकप्रिय केली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील मिग हिमेनेझ याने खास या कामासाठी दळलेली रंगद्रव्ये बाटल्यांत भरून बाजारात आणली. जपानच्या तामिया कंपनीने तर स्त्रियांच्या पावडरच्या डबीसारखी डबी काढली. तीत गंज, काजळी आणि चिखल यांच्या वड्या आणि लावण्यासाठी लहानसा स्पंज. आता पूड खरवडण्याचे कष्ट उरले नाहीत. युरोपची धूळ, वाळवंटाची धूळ, जुना गंज, नवा गंज असे सारे काही नावानिशी विकत मिळू लागले.

या सोयीबरोबर एक धोकाही आला. बाटली हाताशी आहे म्हणून ती रिकामी होऊ लागली. युद्धात काही आठवड्यांतच निकामी झालेल्या रणगाड्यावर अर्ध्या शतकाचा गंज चढू लागला. प्रत्येक रिबिटाखाली ओघळ, प्रत्येक कडेवर खरचटा. जाणत्या परीक्षकांनी या अतिरेकाला वेळोवेळी आक्षेप घेतला आणि तो योग्यच होता. पूर्वी दुकानदाराच्या हितासाठी प्रतिकृती चकचकीत राहत होती. आता कारागिराच्या हौसेसाठी ती मळू लागली. पहिला खोटेपणा काळ नाकारणारा होता आणि दुसरा काळाविषयी अतिशयोक्ती करणारा. दोहोंतही वस्तूकडे पाहण्याचे कष्ट टळलेले असतात. अहर्न, अॅलन आणि इंग्लंड यांच्या कामाची थोरवी त्यांच्या भुकटीत नव्हती. भिंत, वाघीण किंवा छप्पर यांच्यासमोर ती माणसे दीर्घ वेळ उभी राहिली, यात ती होती.

या तिघांच्या कामाचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. रॉय इंग्लंडचे खोरे लाँग विटनहॅम येथे आजही पाहावयास मिळते. जॉन अहर्न 1961 साली वारले. त्यांची मॅडर व्हॅली रेल्वे पेंडन संग्रहालयाने सांभाळली आणि ती तेथे ठेवलेली आहे. जॉन अॅलनच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. 6 जानेवारी 1973 रोजी तो वारला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या घराला आग लागली आणि तळघरातील डोंगर, पूल, गावे आणि वाघिणी यांचा बहुतेक सारा संसार जळून गेला. ज्या वाघिणींवर त्याने चिमटी-चिमटीने धुराचे डाग बसवले होते, त्यांवर अखेर खरी काजळी चढली. तिच्यात कोणतेही प्रमाण नव्हते आणि कोणताही संयम नव्हता.

त्याने घेतलेली छायाचित्रे मात्र उरली. लिन वेस्टकॉट या संपादकाने अॅलनच्या रेल्वेवर लिहिलेले पुस्तक 1981 साली प्रसिद्ध झाले आणि नंतरच्या पिढीतील असंख्य हौशी माणसे तेच पाहून शिकली. एका काल्पनिक रेल्वेची ती छायाचित्रे आहेत, हे ठाऊक असूनही पाहणाऱ्याला वाटते की ही गाडी कोठेतरी खरोखर धावत होती, तिच्यावर माणसे राबत होती आणि तिच्या स्थानकावर कोणीतरी कोणाची वाट पाहत होते. एवढे वाटण्यास कारणीभूत झाली ती थोडीशी माती, थोडीशी काजळी आणि थोडासा चुना.

दिवाळी सरली म्हणजे अंगणातील किल्ला कोणी लगेच मोडत नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत तो तसाच उभा असतो. दिवसाच्या उन्हाने चिखलाला भेगा पडतात, दवाने गेरूचे ओघळ उतरतात, पेरलेला अळीव पिवळा पडतो. पहिल्या दिवशी मुलाने चिमटीने जे भुरभुरले होते, तेच आता ऊन आणि दव आपल्या हातांनी करीत असतात. आपले जुनेपण आणि हे जुनेपण कोठे जुळले आणि कोठे चुकले, हे त्या मुलाने वाकून पाहिले, तर पुढच्या वर्षीचा त्याचा किल्ला अधिक खरा होईल.